डायलिसिसवर असताना बदललेला गुडघा पुन्हा बदलावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबांचं वय ६३, जुना मधुमेह, तीन वर्षांपासून सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस, तेही मानेजवळ बसवलेल्या परमकॅथ नावाच्या नळीवरून. उजवा गुडघा नऊ वर्षांपूर्वी बदललेला आणि आठ-साडेआठ वर्षं त्याने काही त्रास दिला नाही. गेले पाच महिने मात्र दुखतो, सुजतो. एक सर्जन म्हणाले, सांधा सैल झालाय, पुन्हा बदलून टाकू. दुसरे म्हणाले, डायलिसिसच्या पेशंटला एवढं ऑपरेशन झेपत नाही, गोळ्यांवर दिवस काढा. त्यातच आईची किडनी बाबांना चालेल का, याच्या तपासण्या सुरू झाल्या आहेत. तर ऐकायचं कुणाचं?

आत्ता तरी दोघांचंही नाही. दोघांपैकी कुणी अडाणी आहे असं मी म्हणत नाही, पण गुडघा बिघडला कशाने, हे तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात कुठेच आलेलं नाही. एक्स-रेवर सांधा सैल दिसणं हे लक्षण झालं, निदान नव्हे. सांधा आपोआप सैल झालाय की आत जंतू बसलेत, एवढं एक कळलं की पुढचा सगळा रस्ता बदलतो. ऑपरेशन एक की दोन, आधी गुडघा की आधी किडनी, हे सगळं त्यावर ठरतं. ‘झेपेल का’ हा प्रश्न त्यानंतरचा.

मी २२ वर्षं सांधेबदलाचंच काम करतो. डायलिसिसवरच्या पेशंटचा बदललेला सांधा पुन्हा बदलायची वेळ वर्षातून थोड्याच वेळा येते, पण त्या पेशंटची नावं मला वर्षानुवर्षं आठवतात. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यांचे एक्स-रे पाहिलेले नाहीत. तेव्हा खालचं सगळं वाचून तुमच्या डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता आले, तर ते पुरे.

आधी सैल होण्याची कारणं. कुठल्याही माणसात बदललेल्या गुडघ्यातलं प्लास्टिक वर्षानुवर्षं झिजतं, त्याची बारीक भुकटी आजूबाजूचं हाड पोखरते आणि सांध्याची पकड जाते. किडनीच्या पेशंटमध्ये हाडच आधी कमकुवत झालेलं असतं. फॉस्फरस वाढतो, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करायला लागतात आणि हाडातलं कॅल्शियम ओढून घेतात. काहींच्यात उलटं होतं, हाडाची झीज-भर जवळजवळ थांबते आणि ते निर्जीव काडीसारखं होतं. म्हणून मी अशा प्रत्येक पेशंटचं पॅराथायरॉइड हार्मोन, कॅल्शियम आणि फॉस्फरस बघतो. ते भलतंच असेल तर नवा सांधाही त्याच भुसभुशीत जमिनीत रोवल्यासारखा.

आणि तिसरं कारण, जंतुसंसर्ग. डायलिसिसच्या पेशंटमध्ये मी हे कारण पहिलं धरतो आणि ते नाही हे सिद्ध होईपर्यंत सोडत नाही. आठवड्यातून तीनदा रक्ताचा रस्ता उघडला जातो. फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला रस्ता, असेल तर धोका त्यातल्या त्यात कमी, पण परमकॅथ म्हणजे बाहेरच्या जगातून थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेलेली नळी. त्या नळीवर जंतू बसले की रक्तातून फिरतात, आणि शरीरातल्या धातू-प्लास्टिकवर त्यांना आयती जागा मिळते. जिवंत हाडामासात पांढऱ्या पेशी त्यांना गाठतात. धातूवर ते चिकट थर करून बसतात आणि तिथे औषधही नीट पोचत नाही.

बाबांना दोन-तीन गोष्टी विचारून बघा. बसून उठल्यावर पहिली चार पावलं दुखतात आणि मग चालताना बरं वाटतं का? तसं असेल तर साध्या सैलपणाकडे कल जातो. की आडवं पडल्यावर, रात्रीही ठणकतं? गुडघा हाताला गरम लागतो का? पाच महिन्यांपूर्वी दुखणं सुरू होण्याच्या आगेमागे ताप, पायाला जखम, दात काढणं, परमकॅथ बदलणं, यातलं काही झालं होतं का? आठ वर्षं गुणी असलेला गुडघा अचानक बिघडला, की मी कॅलेंडर घेऊन बसतो.

यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला एका डायलिसिस टेक्निशियनने शिकवला. एक आजी माझ्याकडे सैल झालेला गुडघा घेऊन आल्या होत्या. ओपीडीत ताप नाही, गुडघ्यावर लाली नाही. त्यांची डायलिसिसची फाइल बघायला मी सकाळी सातच्या शिफ्टला युनिटमध्ये गेलो. आजी मशीनवर होत्या, अंगावर दोन ब्लँकेटं, वर लेकीची शाल, आणि तरी पलंगाची कड कडकड वाजत होती. टेक्निशियन सहज म्हणाला, "यांना नेहमीच हुडहुडी भरते सर, मशीन सुरू झालं की अर्ध्या-पाऊण तासात. एव्हिल-हायड्रोकॉर्टचं इंजेक्शन दिलं की थांबते." दोन महिने हे चाललं होतं. लेकीला वाटायचं एसीचा गारवा. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. मी गुडघ्याचा डॉक्टर! परमकॅथमधून आणि हातातून वेगवेगळं रक्त घेऊन कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का बघायला, पाठवलं. दोन्हींत स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निघाला आणि गुडघ्यातल्या पाण्यातही तोच. तेव्हा बाबांना मशीनवर थंडी वाजते का, हे आजच विचारा. त्यांना नको, टेक्निशियनला. पेशंटला सवय झालेली असते.

आता तपासण्या. सीआरपी आणि ईएसआर या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या सगळे करतात, पण डायलिसिसच्या पेशंटमध्ये त्यांचा अर्थ लावणं अवघड. ईएसआर तर रक्त कमी असल्यामुळे असाही चढलेला असतो, मी त्याकडे फारसं बघत नाही. सीआरपी थोडा वाढलेला राहतो, म्हणून एकदाचा आकडा बघण्यापेक्षा मागचे पाच-सहा रिपोर्ट ओळीने लावून तो चढतोय का ते बघा. (बघताना एकक तपासा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही डेसिलिटरमध्ये, आणि दहापटीचा घोळ मी डॉक्टरांच्या चिठ्ठीतही पाहिलाय.)

खरं उत्तर देतं ते गुडघ्यातलं पाणी. निर्जंतुक जागी, सुईने काढून, तीन गोष्टींसाठी पाठवायचं: पेशींची संख्या, त्यातल्या न्यूट्रोफिलचं (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) प्रमाण, आणि कल्चर. बदललेल्या सांध्यात मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, ३००० च्या वर पांढऱ्या पेशी आणि त्यात ८० टक्क्यांच्या वर न्यूट्रोफिल असतील तर जुना संसर्ग धरून चालतो. साध्या, न बदललेल्या गुडघ्याचे आकडे याहून कितीतरी वरचे असतात, त्यामुळे ‘पेशी फक्त ६०००, काही विशेष नाही’ असं कुणी म्हणालं तर थांबा आणि पुन्हा विचारा. कल्चर दोन-तीन दिवसांत ‘जंतू नाहीत’ म्हणून बंद करू नका, १४ दिवस ठेवा, असं लॅबला लिहून द्यायचं. काही जंतू आळशी असतात.

आणि यात एक अट आहे, जी घरोघरी मोडली जाते. पाणी काढण्याआधी निदान दोन आठवडे कुठलंही अँटिबायोटिक नको. ‘सूज आहे, पाच दिवस गोळ्या घेऊन बघा’ ही चिठ्ठी भल्या मनानेच लिहिलेली असते, पण तिने जंतू मरत नाहीत, फक्त लपतात. बाबांना ताप असेल, बीपी पडत असेल तर अर्थातच थांबायचं नाही. मग आधी रक्ताची कल्चर, गुडघ्यातलं पाणी, आणि लगेच औषध.

मी हे एवढं ताणून सांगतोय कारण मी स्वतः चुकलोय. १२ वर्षांपूर्वी डायलिसिसवरच्या एका काकांचा बदललेला खुबा सैल झाला होता. सीआरपी लिटरला १४ मिलिग्रॅम. मी मनाशी म्हटलं, यांचा एवढा असतोच. पाणी न काढता एका बैठकीत सांधा बदलला. आत पू नव्हता, थोडं गढूळ पाणी होतं आणि हाडाला चिकटलेला करडा पापुद्रा. सवयीने पाच ठिकाणचे तुकडे कल्चरला पाठवले. नवव्या दिवशी रिपोर्ट आला, पाचांपैकी तिघांत एकच जंतू. काका तोवर वॉकरवर चालत घरी गेले होते, पेढे देऊन. पुढच्या १४ महिन्यांत त्यांची आणखी तीन ऑपरेशनं करावी लागली. खुब्यातलं पाणी काढायला मला तेव्हा अर्धा तास लागला असता.

समजा बाबांच्या गुडघ्यात जंतू निघाले. संसर्ग अगदी ताजा, दोन-तीन आठवड्यांचा असता तर सांधा उघडून, धुऊन, प्लास्टिक बदलून वाचवायचा प्रयत्न केला असता. पाच महिन्यांनंतर मी तो करत नाही. मग बहुधा दोन टप्प्यांचं काम. पहिल्या ऑपरेशनात जुना सांधा, सिमेंट, मेलेलं मांस सगळं काढायचं आणि जागा राखायला अँटिबायोटिक कालवलेल्या सिमेंटचा स्पेसर बसवायचा. साधारण सहा आठवडे शिरेतून औषध. मग थोडे दिवस औषधाशिवाय नजर ठेवायची आणि सगळं शांत वाटलं तर दुसऱ्या ऑपरेशनात नवा सांधा. अडीच-तीन महिने धरा, मधुमेह आणि जखम यांनी साथ दिली तर.

इथे डायलिसिसचा एक फायदाही आहे, जो लोकांना सांगितला की हसू येतं. बाकीच्या पेशंटना सहा आठवडे रोज सुई. यांना व्हँकोमायसिन किंवा सेफाझोलिन ही अँटिबायोटिकं डायलिसिसच्या दिवशीच, मशीनवर किंवा मशीन संपताना देता येतात. जंतू त्या औषधाला दबणारा हवा, एवढंच. त्यामुळे कुणी हातातून छातीपर्यंत जाणारी लांब नळी घालू म्हणालं तर नेफ्रोलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, विचारल्याशिवाय हो म्हणू नका. त्या शिरा खराब झाल्या तर पुढे फिश्चुला कुठे करणार? बाबांना अजून थोडी लघवी होत असेल तर तेही सर्जनना सांगा. स्पेसरमध्ये जेंटामायसिन किती घालायचं हे त्यावर ठरतं, नाहीतर उरलीसुरली किडनी जाते आणि कानही.

परमकॅथ तसाच ठेवून मी गुडघ्याला हात लावत नाही. तो जंतूंचं घर असेल तर गुडघा कितीही स्वच्छ करा, पुन्हा तेच. नळी काढायची, तात्पुरती सोय करायची, रक्ताची कल्चर स्वच्छ आली की नवी. आणि स्पेसरच्या त्या अडीच-तीन महिन्यांत फिश्चुला करून घ्यायचा. तो वापरण्याजोगा व्हायला सहा-आठ आठवडे तरी जातात, म्हणजे वेळ बरोबर जुळते. तीन वर्षं परमकॅथवर का काढली हे मला माहीत नाही, शिरा बारीक असतील, एखादा फिश्चुला बंद पडला असेल. पण हा विषय आता पुन्हा उघडाच.

आणि किडनी? शरीरात चालू संसर्ग असताना प्रत्यारोपण करत नाहीत, कारण नंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायमची द्यावी लागतात. म्हणजे जंतू असतील तर गुडघा आधी, प्रत्यारोपण नंतर, यात निवडीला जागाच नाही. ‘गोळ्यांवर दिवस काढा’ हा सल्ला अशा वेळी किडनीचाही रस्ता अडवतो. दुसऱ्या डॉक्टरांच्या हे लक्षात आलं नसेल, किंवा तुम्ही प्रत्यारोपणाचं बोलला नसाल.

पाणी स्वच्छ निघालं तर मात्र माझा सल्ला उलटा. साध्या सैलपणाची घाई नसते. आईच्या तपासण्या पुढे सरकत असतील तर प्रत्यारोपण आधी होऊ द्या. नवी किडनी नीट चालायला लागली, औषधांचे डोस खाली आले, की मग गुडघा. मी साधारण वर्षभर थांबतो. डायलिसिसवर केलेल्या सांधेबदलापेक्षा प्रत्यारोपणानंतर केलेल्यात गुंतागुंत कमी होते, हा माझाही अनुभव आहे आणि प्रसिद्ध झालेले अभ्यासही तेच सांगतात. तोवर वॉकर, गुडघ्याचा पट्टा, उंच खुर्ची, कमोड. दर तीन-चार महिन्यांनी एक्स-रे, कारण सैल सांधा हाड खात राहतो आणि हाड फार गेलं तर पुढचं ऑपरेशन मोठं होतं. एक्स-रेवर पोकळी झपाट्याने वाढताना दिसली किंवा हाड मोडायला आलं, तर थांबायचा हा हिशेब रद्द.

आता झेपण्याबद्दल. डायलिसिसच्या पेशंटला धोका जास्त असतो, हे खरं आहे. जखम न भरण्याचा, जंतूंचा, हृदयाचा आणि जीवाचाही. पण तो सगळ्यांना सारखा नसतो, आणि त्यातला काही आपल्या हातात असतो. मी पहिल्यांदा बघतो ते अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन. ते ३.५ च्या खाली असेल आणि ऑपरेशन तातडीचं नसेल तर मी तारीख देत नाही, आहारतज्ज्ञाकडे पाठवतो. बहुतेक घरी डायलिसिस सुरू होण्याआधीचं पथ्य तसंच चालू असतं: डाळ बंद, अंडं बंद. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनं उलट वाढवायची असतात, पण जुना कागद फ्रिजवर चिकटलेला असतो आणि माणूस वाळत जातो. तुमच्याकडेही बघा.

साखरेचं तसंच. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.४ बघून खूश होऊ नका. डायलिसिसमध्ये लाल पेशी लवकर मरतात, रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनमुळे नव्या तयार होत राहतात, म्हणून तो आकडा खोटा कमी येतो. घरच्या ग्लुकोमीटरची वही जास्त खरी.

ऑपरेशनचा वार महत्त्वाचा. शुक्रवारनंतर थेट सोमवार, हा जो मोठा खंड पडतो त्यानंतर पोटॅशियम आणि पाणी दोन्ही वाढलेलं असतं. म्हणून सोमवारी डायलिसिस आणि मंगळवारी सकाळी ऑपरेशन. मशीनवर रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपारिनही तोवर उतरलेलं असतं. बुधवारचं डायलिसिस हेपारिनशिवाय, सलाइनने फिल्टर धूत. मशीन त्याच इमारतीत हवं. ताज्या टाक्यांचा पेशंट अँब्युलन्समध्ये घालून दुसरीकडे डायलिसिसला नेणाऱ्या ठिकाणी, ते कितीही नावाजलेलं असलं तरी, हे काम करून घेऊ नका.

रक्ताबद्दल एक सूचना तुमच्यासाठी खास. प्रत्यारोपण डोळ्यासमोर असेल तर बाहेरचं रक्त शक्य तितकं टाळायचं, कारण त्याने शरीरात अँटिबॉडी तयार होऊन आईची किडनीही न जुळण्याची वेळ येऊ शकते. हिमोग्लोबिन आधीच १०-११ पर्यंत आणायचं. द्यावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं, आणि जमलं तर डायलिसिस चालू असताना. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड किडनीतूनच बाहेर पडतं, त्याचा डोस कमी करतात; भूलतज्ज्ञांना आठवण करून दिलीत तर ते रागावणार नाहीत. दुखण्यावर पॅरासिटामॉल आणि पायाच्या नसेला बधिर करणारं इंजेक्शन. डायक्लोफेनॅक नको, मॉर्फिन नको. नसांच्या दुखण्यावरचं प्रेगाबालिन नेहमीच्या डोसात दिलं तर बाबा दोन दिवस झोपून राहतील आणि तुम्ही घाबराल.

फिश्चुला झाला की त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, हे ऑपरेशन थिएटरच्या पाटीवर मी स्वतः लिहितो. टेबलावर बीपी फार पडलं तर फिश्चुला गोठतो. ऑपरेशननंतर वॉर्डात पहिल्यांदा मी टाके बघत नाही, फिश्चुला चालू असल्याची त्या हातातली थरथर बघतो.

खर्चाचं विचारलंय तुम्ही शेवटी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांवर कमाल किंमत लावली, तेव्हा पुन्हा बदलायच्या सांध्यासाठी ती करांशिवाय १,१३,९५० रुपये होती. ती पुढे बदलत गेली आहे, शिवाय दोन टप्प्यांत खरा खर्च सांध्याचा नसून मुक्काम, औषधं आणि दुसऱ्या ऑपरेशनचा असतो. महात्मा फुले योजनेत तुमच्या केसमधलं काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी लेखी घ्या.

आणि हृदय फारच कमकुवत निघालं, एकाही ऑपरेशनला भूलतज्ज्ञ तयार नसले तर? मग जंतूला दाबून ठेवणारी गोळी आयुष्यभर, हा पर्याय आहे. पहिलं ऑपरेशन झेपलं आणि दुसरं नको वाटलं तर गुडघा वाकू देणाऱ्या स्पेसरवर राहणारेही आहेत. माझा असा एक पेशंट चौथ्या वर्षी काठी घेऊन देवळात जातो. जंतू आवरतच नसतील तर गुडघा जोडून सरळ करणं, अगदी टोकाला मांडीतून पाय काढणं, हेही पर्याय आहेत. ते आधीच बोलून ठेवलेले बरे, आयसीयूच्या दारात नाही.

तर या आठवड्यात एवढंच करा. बुधवारी युनिटमध्ये जाऊन टेक्निशियनला थंडीचं विचारा, मागच्या सहा महिन्यांचे डायलिसिस चार्ट आणि सीआरपी मागून घ्या. गुरुवारी, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या दिवशी, पाणी काढायची वेळ घ्या. आणि घरात कुणी चुकून अँटिबायोटिक सुरू केलं असेल तर गोळ्यांची पट्टी फेकू नका, सोबत घेऊन जा.